ठाणे-नवी मुंबईतली 'मॉडर्न इंडियन' हॉटेलं: तुमचे अनुभव सांगा

घोडबंदर रोड, सीवूड्स, पाम बीच, जिथे बघावं तिथे हल्ली 'मॉडर्न इंडियन'च्या पाट्या. पदार्थ आपलेच पण ताटात आल्यावर ओळखू येत नाहीत. कोण कोण जाऊन आलंय, काय खाल्लंत, पैसे वसूल झाले का, लिहा. माझ्यापासून सुरुवात. घोडबंदरला थालीपीठ टाको मागवले, भाजणी अस्सल होती, धण्याचा वास मस्त, वर लोण्याऐवजी अवोकाडो. पण प्लेटमध्ये तीनच, आम्ही चौघं. सासूबाईंनी वेटरला विचारलं, "बाळा, चौथा येतोय ना?"

*

सासूबाई भारी! आम्हाला सीवूड्सला दहीवड्याऐवजी चमच्यात पांढरा गोळा आला, तोंडात टाकला की फुटतो आणि आत थंडगार दही. पोरं खूश, आमचे हे म्हणाले वडा कुठाय.

*

केटरिंगमध्ये आहे म्हणून सांगतो. शेवाळापासून काढलेलं सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवायचं, त्यात चमच्याने अलगद दही सोडायचं. दह्यातलं कॅल्शियम त्याला लागलं की बाहेरून पातळ पापुद्रा धरतो, आतलं दही तसंच राहतं. मग साध्या पाण्यात धुवायचे, नीट धुतले नाहीत तर जिभेला बुळबुळीत लागतात. ताटावर धूर सोडून पदार्थ आणतात, तो धूर कशाचा ते मात्र विचारून घ्या. लाकडाचा असेल तर बिनधास्त, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर तो तुकडा खायचा नसतो, उणे ७८ अंश असतो तो. २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत माउथ फ्रेशनर म्हणून तोच दिला गेला आणि लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

*

वाशीला बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. काढा म्हटलं तर "सर, पॉलिसी आहे". ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. एवढं ऐकवल्यावर गुपचूप नवीन बिल आणलं. ५ टक्के जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. कोणी अडून बसलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

*

सगळेच नावं ठेवताय म्हणून लिहिते. आम्ही आगरी, बाबांना घेऊन पाम बीचच्या एका ठिकाणी गेले होते. तांदळाच्या भाकरीचे कडक तळलेले तुकडे, त्यावर सुक्या बोंबलाची चटणी आणि वर कैरीचा एवढासा कीस. मला वाटलं आता बाबा बोलणार. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाले, "बोंबील भाजून घेतलाय यांनी, नुसता तळून नाही टाकलाय." आणि आणखी एक प्लेट सांगितली. किंमत बघितली नाही, मीही सांगितली नाही.

*

बोंबीलवाल्या ताई, तिथे शाकाहारी माणसाचं काही भागेल का? बायकोला न्यायचंय.

*

भरीत आहे, निखाऱ्यावरचं. तेवढं मागवा, पनीरच्या वाटेला जाऊ नका.