कळलावीचा कंद गुडघ्याला चालतो का? नाशिककरांनो सल्ला द्या

सिडकोवाली
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. आईचे गुडघे आणि उजव्या पायाचा अंगठा महिनाभर ठणकतोय, अंगठा तर लालभडक, रात्री चादर लागली तरी ओरडते. हरसूलच्या मावशीने परवा बांधावरून एक कंद खणून पाठवलाय, म्हणे उगाळून लेप लाव आणि चिमूटभर मधातून चाटव, आठ दिवसात पळायला लागेल. वेलाला ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं होती, मावशी खड्यानाग म्हणते, नेटवर कळलावी, अग्निशिखा असं येतंय. कोणी वापरलंय का? नाशकात याचा चांगला वैद्य पण सुचवा, इंदिरानगर बाजूचा असेल तर बरं. कंद सध्या रताळ्यांच्या टोपलीत ठेवलाय.

डोंगरभटक्या
ताई आधी तो टोपलीतून काढा, बाकीचं नंतर बोलू!! श्रीलंकेत हाच कंद रताळं समजून शिजवून खाल्ला आणि माणसं गेली अशा केसेस आहेत. शिजवून विष जात नाही. हात धुवा, मधाचं तर विसराच.

सिडकोवाली
काढला काढला. सासूबाईंनी दोन रताळी सकाळीच उकडली होती उपवासाला, ती रताळीच होती हो, मी साल बघून आले. पण नक्की कळलावीच आहे हे कसं ओळखायचं?

डोंगरभटक्या
फूल पाहिलंय ना मग चूक होणं अवघड. पानाचं टोक बघा, लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि त्यानेच वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. फुलाच्या सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, सगळ्या मागे वळलेल्या, आणि पुंकेसर बाहेर आडवे पसरलेले. आधी हिरवट, मग पिवळं, मग टोकाकडून लाल होत जातं, त्यामुळे एकाच वेलावर तीन रंगांची फुलं दिसतात. आत्ता श्रावण-भादव्यात अंजनेरीला जा, झुडपांत हमखास दिसेल. फक्त बघा हां, उपटू नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, अंजनेरीच्या नावाची कंदीलपुष्प या रानफुलाची जात तिथलीच. तरी दर रविवारी कोणीतरी फुलांचे गुच्छ तोडून बाईकला लावून फिरत असतं, डोकं फिरतं माझं.

वैद्यबाई
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते म्हणून लिहिते. आमच्याकडे हिला लांगली म्हणतात, कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो म्हणून. ग्रंथांत ती उपविषांत मोजलीय, म्हणजे औषध आहेच पण गोमूत्रात शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ते घरी करायचं काम नाही. गावाकडे पूर्वी बाळंतीण अडली की सुईणी कंद उगाळून बेंबीभोवती किंवा तळपायाला लेप द्यायच्या आणि बाळ बाहेर आलं की लगेच पुसून टाकायच्या. कळा लावते म्हणून कळलावी. पानांचा रस उवांवर लावायचे, विंचवाच्या दंशावर कंद लावायचे. तेव्हा दवाखाना लांब होता, आज यातलं काहीही करू नका, गरोदर बाईच्या तर आसपासही नको. आणि ताई, अंगठा लाल आणि चादर सहन होत नाही म्हणताय तर वैद्य शोधण्याआधी युरिक ॲसिड तपासा. लेपच द्यायचा तर निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधा, पण लाल अंगठ्याला शेक नको.

पेणची सून
आमच्याकडे ही फुलं गौरीला लागतात, गौरीचे हात म्हणतो आम्ही. पण दारात वेल लावू देत नाहीत, घरात भांडणं लागतात म्हणे, कळ लावणारी ना! मी लग्न होऊन नाशकात आले तेव्हा कुंडीत लावली होती, सासूबाईंनी महिन्याभरात उपटली आणि त्यावरून जे भांडण झालं त्याला आजतागायत वेलच जबाबदार आहे.

सिडकोवाली
अपडेट देते. काल डॉक्टरांकडे नेलं, युरिक ॲसिड वाढलंय, गाऊट आहे, म्हणजे त्यामुळे सांधे सुजून ठणकतात. गोळी दिलीय कोल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅमची, थोडेच दिवस. अंगठा आज जरा बरा वाटतोय.

वैद्यबाई
आता गंमत ऐका. कळलावीच्या कंदात आणि बियांत जे विष आहे ते कोल्चिसिनच.

सिडकोवाली
काय सांगता!! आईने वाचलं, आता म्हणतेय बघ मावशी बरोबर होती, उगाच डॉक्टरला पैसे घातले.

वैद्यबाई
मावशी रोगाच्या बाबतीत बरोबर असेल हो, मापाच्या बाबतीत नाही. गोळीत अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धाच, चिमटीत किती आलं ते कोण मोजणार? आणि या औषधात उपयोगाचा डोस आणि विषाचा डोस जवळजवळ असतात. ते पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे जिथे पेशी भराभर बनतात तिथे आधी फटका. काही तासांत उलट्या-जुलाब, मग रक्तातल्या पेशी कमी होतात, वाचलेल्यांचे आठ-पंधरा दिवसांनी केससुद्धा गळतात. उतारा म्हणून खास औषध दवाखान्यात मिळत नाही. गोळीवर जुलाब लागले तरी गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. आईंची किडनी कमजोर असेल किंवा कुठलं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसोबत तर हे फार वाईट.

तमिळनाडू रिटर्न
मी दोन वर्षं तिकडे नोकरीला होतो, हे त्यांचं राज्यफूल. शेतात तारेवर वेल चढवून चक्क लागवड करतात, बिया औषध कंपन्यांना जातात. आपल्याकडे मात्र बांधावरचं उपटून पिशवीत.

सिडकोवाली
किडनीचं विचारून घेते. आता शेवटचा प्रश्न, त्या कंदाचं काय करू? मावशीने प्रेमाने पाठवलाय, कचऱ्यात टाकवत नाही, आणि आमच्या गल्लीत गाई कचरा खातात.

आळशी माळी
लावून टाका. हातमोजे घाला, मोठी कुंडी घ्या, माती भुसभुशीत, पाणी साचता कामा नये. कंद आडवा ठेवायचा, वर तीन-चार बोटं माती. टोकाला जो बारीक डोळा असतो तो मोडला की संपलं, कोंब तिथूनच येतो. खणताना बऱ्याचदा तोच मोडतो. दिवाळीनंतर वेल वाळेल, मेला समजून फेकू नका, झोपलेला असतो, पाणी बंद करा, पुढच्या पावसात उठेल. पोरं-कुत्री पोचणार नाहीत अशा जागी ठेवा.

सिडकोवाली
डोळा शाबूत आहे, आत्ताच बघितला. गच्चीत लावते. सासूबाईंना नाव मात्र अग्निशिखा सांगणार, कळलावी नाही.

पेणची सून
मी पण तेच सांगितलं होतं.