पालवी: एक फोटो, तीन ओळी (अनुभव धागा)

फाल्गुन उतरला की कुसुंब तांबडा होतो, पिंपळ जुनं पान टाकून नवं धरतो आणि भाजलेल्या माळावर डोळ्यांना पहिला दिलासा मिळतो. फोटो सगळेच काढतात, पण निम्मे फसतात. खालच्या तीन ओळी, म्हणजे हायकू, तर बहुतेकदा फोटोचा मथळा होऊन बसतात. हे दोन्ही तुम्ही कसं करता ते लिहा. 'अप्रतिम' वगैरे नको. आकडे, चुका, कारणं हवीत.

जुन्नरहून
कुसुंबासाठी मार्च गाठा. लांबून फुलोरा वाटतो, पण ती पानंच असतात. लाली अँथोसायनिनची, पानात हरितद्रव्य भरत गेलं की ती विरते. फोटोत मात्र हीच लाली सगळ्यात आधी मरते, कारण कॅमेऱ्याचा लाल चॅनल बाकी दोघांच्या (हिरवा, निळा) आधी भरून जातो आणि पानाच्या जागी शिरा नसलेला लाल डाग उरतो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तेव्हाही ठीकच दिसतो, म्हणून लाल वेगळा पाहा आणि एक्स्पोजर −०.७ ते −१ ठेवा. मोबाइलवर पानावर बोट दाबून फोकस लॉक करा, सूर्याचं चिन्ह खाली ओढा. ऊन पानाच्या मागून हवं, सकाळी नऊच्या आत. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) 'डेलाइट'वर. ऑटोला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो पान निस्तेज करून टाकतो.

रत्नागिरीहून
वाऱ्याचं कुणी बोललं नाही. कोवळं पान लुळ्या देठावर लोंबतं, झुळूक नाही असं वाटलं तरी हलतं. शटर किमान १/५०० सेकंद, अगदी जवळून घेताना १/१०००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० करावा लागला तर करा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवून कॅमेरा पानाला समांतर धरा. मोबाइलचा एचडीआर बंद, कारण तो अनेक फोटो जोडतो आणि हलत्या पानाला दुहेरी कड येते. फांदी हाताने धरू नका, वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडा.

इंदूरहून
आता ओळींकडे. हायकूच्या ओळींचा ५-७-५ हा हिशेब जपानी 'ओन'चा, म्हणजे ध्वनिमात्रांचा आहे. तिथे दीर्घ स्वर दोन मोजतात, 'न्' सुटा मोजतात. 'निप्पोन'चे चार होतात: नि-प्-पो-न्. मराठीत 'पिंपळ' लिहायला तीन अक्षरं, बोलायला दोन: पिं-पळ. मग मोजायचं काय? शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून आपल्याकडे तीन ओळी आणि शेवटची कलाटणी महत्त्वाची ठरली, सतराचा आकडा नाही. 'या', 'काना', 'केरी' असे ओळ तोडणारे शब्द आपल्याकडे नाहीत. एक आडवी रेघ पुरते, आणि ती एकदाच. ऋतू सांगायला 'वसंत' लिहू नका. मोहोर, वळीव, पालवी, पानगळ यांतच ऋतू येतो.

फसलेला नमुना:

वणव्यानंतरही
आशेची पालवी
पुन्हा फुटते

इथे 'आशा'ने वाचकाचं काम हिसकावलं, आणि 'ही' व 'पुन्हा' एकच गोष्ट दोनदा सांगतात. दुरुस्त:

वणव्याची राख –
काळ्या खुंटाला
तांबडी तीन पानं

नागपूरहून
मोजणी अगदीच सोडू नये, नाहीतर चारोळीतली एक ओळ गाळून हायकू म्हणणारे वाढतात. मधली ओळ जरा लांब ठेवली तरी तोल येतो. वणव्याचं म्हणाल तर आमच्याकडे मोहाखाली पाचोळा जाळतात, फुलं वेचणं सोपं जावं म्हणून. फुलं पहाटे गळतात. उजाडण्याआधी ट्रायपॉड लावला, तर काळ्या भुईवर पिवळसर फुलं आणि वर मोहाची तांबूस पालवी एका चौकटीत मिळते. उशीर केला की टोपल्या भरलेल्या असतात. वेचणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो नकोत.

डोंबिवलीहून
जपानी हायकूकार शिकी ज्याला 'शासेई' म्हणत, म्हणजे समोरचं तसंच उतरवणं, त्यातला 'शा' आणि जपानीत फोटोला म्हणतात त्या 'शाशिन'मधला 'शा' हे एकच चित्राक्षर, अर्थ 'उतरवून घेणं'. त्यामुळेच घोळ होतो: फोटोने उतरवलेलंच ओळी परत उतरवतात. लाल पालवीच्या फोटोखाली 'लाल' शब्द आला तर दोघांतलं एक वाया गेलं. ओळींनी चौकटीबाहेरचं आणावं, आवाज, वास किंवा थोड्या वेळापूर्वीचं काही. कुसुंबाच्या फोटोखाली:

शाळा सुटली –
झाडाखाली राहिला
कुणाचा तरी डबा

ओळी जागेवरच लिहा, फोटो स्क्रीनवर बघायच्या आधी. नंतर लिहिल्या की फोटोचंच वर्णन होतं. दोन दिवसांनी विशेषणं काढा. मग फोटो झाकून वाचा. ओळी एकट्या उभ्या राहत नसतील तर तो मथळाच.

जुन्नरहून, पुन्हा
अक्षरं फोटोवर टाकायची असतील तर घेतानाच एक तृतीयांश आभाळ मोकळं सोडा. नंतर जागा शोधली की ओळी नेमक्या पानावर बसतात. फोटोखाली पांढरी पट्टी ठेवली तर तो प्रश्नच येत नाही.