मदत हवी आहे: वाढत्या गावाचं एकत्रित नियोजन कोणाकडे मागायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ. रस्ता सुरू झाल्यापासून कपाशीच्या वावरांत ले-आउटचे सिमेंटचे खुंट रोवले जात आहेत. बाहेरून कामाला आलेली कुटुंबं भाड्यानं राहतात, त्यांची नोंद कुठंच नाही. नळयोजना मात्र २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. केंद्राच्या जलजीवन मिशनच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवं. इथं टेकडाकडच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला नुसती हवा येते.

ग्रामसभेचा ठराव झाला आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्यात वाढीव टाकी टाकली. पण तो आराखडा एका गावाचा. नाला, रस्ता आणि कचऱ्याची जागा शेजारच्या गावांशी जोडलेली आहे. त्यांचे सरपंचही सोबत यायला तयार आहेत. पंचायत समितीत विचारलं तर नगररचनाकडे जा म्हणतात, तिथं गेलं की जिल्हा परिषदेकडे. आम्ही एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीबाहेर आहोत, आणि खाजगी सल्लागार परवडणार नाही.

आणखी प्लॉट पडायच्या आत नाल्याची आणि शाळेची जागा तरी राखून ठेवायची आहे. नंतर ती मिळायची नाही.

जाणकारांनी सांगावं: १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली अशा गावांच्या गटासाठी प्रादेशिक योजनेची (मोठ्या भागाच्या जमीनवापराच्या एकत्रित आराखड्याची) किंवा तिच्यात बदलाची मागणी नेमकी कोणाकडे करायची? आणि आजची लोकसंख्या दाखवायला कोणता पुरावा ग्राह्य धरतात, घरपट्टीची नोंद, मतदार यादी की ग्रामपंचायतीचं स्वतःचं सर्वेक्षण?