विहिरींच्या नोंदी: डेटाचा आराखडा आधी लिहायचा की एक फेरी मारून?

भूजल_लातूर
औसा-निलंगा भागातल्या शंभरेक विहिरींची पाणीपातळी दोन वर्षं, दर मे आणि ऑक्टोबरात मोजायची आहे असं धरा. डेटाचा आराखडा, म्हणजे कोणते रकाने, कोणतं माप, नोंदी कुठं ठेवायच्या नि कुणाला द्यायच्या हे, पहिल्या फेरीआधीच लिहून हवा, असं माझं ठाम मत. शेतकरी विहिरीची खोली परसात (पुरुषभर उंचीच्या मापात) सांगतो, एक पोरगा फुटात लिहितो, दुसरा मीटरमध्ये. कुणी टेप कठड्यावरून सोडतो, कुणी जमिनीच्या पातळीपासून. कठडा पाऊण मीटरचा असला की पाणी कागदावर तेवढं फुकट खाली जातं. सगळ्यात वाईट म्हणजे कोरडी विहीर. तिच्यापुढं ० लिहिलं, की जमिनीखाली शून्य मीटरवर पाणी, म्हणजे विहीर काठोकाठ! मे महिन्यात!! 'कोरडी' हा रकानाच वेगळा पाहिजे.

गोदाकाठ
सर, असले आराखडे गाईडच्या सहीपुरते असतात. आधी दहा विहिरी फिरा. पंप चालू होता का, बंद होऊन किती वेळ झाला, हे बांधावर गेल्याशिवाय सुचत नाही. रकाना नसला की पोरं ते शेऱ्यात लिहितात, आणि शेऱ्याची सरासरी काढता येत नाही.

भूजल_लातूर
चाचणी फेरी मान्य. पण त्या दहा नोंदी मुख्य तक्त्यात मिसळायच्या नाहीत, हे कुठं लिहिणार? आराखड्यातच ना?

आकडेमोड_परभणी
खरा घोळ ओळख क्रमांकाचा. मुरुड, मुरूड, मुरुड बु॥ ही एक्सेलला तीन गावं. २०२३ पासून उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावावरून जुने-नवे तक्ते जोडाल तर ओळी गळणारच. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला (केंद्र सरकारच्या गावांच्या यादीतला) गावाचा कोड घ्या, विहिरीला स्वतःचा क्रमांक द्या, आणि तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करा, नाहीतर ०१७ चं १७ होतं. तारीख २०२५-०६-०५ अशीच. ०५/०६ म्हणजे एकाला ५ जून, दुसऱ्याला ६ मे. पावसाआधीची पातळी कोणती मग?

गोदाकाठ
कोड ठीक आहे हो. पण आराखड्यात 'डेटा खुला करू' असंही ठोकून देतात, त्याचं काय? मे महिन्यात कुणाच्या विहिरीला पाणी आहे हे गट नंबरासकट जाहीर केलं, की टंचाईत अधिग्रहणाची नोटीस त्याच्याच दारात. पुढच्या फेरीला तो विहिरीजवळ उभं तरी करील का?

आकडेमोड_परभणी
म्हणून दोन फाईली. नाव, मोबाईल, गट नंबर वेगळ्या फाईलीत, पासवर्ड लावून. जाहीर फाईलीत अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभराच्या चौकोनात राहते.

भूजल_लातूर
मग तो डेटा माझ्या कामाचा नाही. आपल्या बेसाल्ट खडकात दोनशे मीटर अंतरावर चित्र बदलतं. ओढ्याकाठची विहीर तुम्ही माळावर नेऊन ठेवाल. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाणलोटाचा क्रमांक तरी सोबत द्या. नेमकी जागा लेखी अर्जावर.

गोदाकाठ
अर्ज बघणार कोण? पोरगा पीएचडी घेऊन पुण्याला, आणि मूळ फाईल त्याच्या स्वतःच्या जीमेलवर!

आकडेमोड_परभणी
ती विभागाच्या खात्यावर ठेवा, पासवर्ड दोघांकडे. एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत.