मदत हवी आहे: परंपरा कोणी मोडली, क्रांतीने की बाजाराने?

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात पाश्चात्त्य परंपरावाद्यांवर बोलायचं आहे. अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार-विचारवंत एडमंड बर्क आणि विसाव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ ओकशॉट, स्क्रूटन घेतलेत. जर्मन विचारवंत स्पेंग्लर मुद्दाम वगळला. संस्कृती म्हातारी होऊन मरणारच असं एकदा ठरलं की जपायचं काय?

गाडी बर्कपाशीच अडली आहे. १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर तुटून पडताना तो म्हणतो, समाज हा गेलेले, असलेले आणि अजून जन्मायचे अशा सगळ्यांचा करार आहे. पटतं. सरदारी बाण्याचं युग संपलं म्हणून हळहळताना तो अर्थशास्त्री आणि हिशेबी लोकांनाही झोडपतो. आणि १७९५ च्या टंचाईत हाच गृहस्थ सांगतो की सरकारने धान्याच्या बाजारात आणि मजुरीत हात घालू नये! जुनी गावं, जुने धंदे त्याच बाजाराने उठवले ना?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनिएल बेलने १९७६ मध्ये ही गाठ नेमकी पकडली: भांडवलशाहीला कामावर काटकसरी, शिस्तीचा माणूस हवा आणि तोच संध्याकाळी दुकानात उधळा हवा. स्क्रूटनचा राग मात्र मला मुख्यतः १९६८ च्या पॅरिसमधल्या आंदोलक विद्यार्थ्यांवर आणि प्राध्यापकांवरच दिसतो. माझं वाचन अपुरं असेल तर सांगा.

दुसरा प्रश्न. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव इंग्लंडला गेले होते. त्यांना आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक करता यावा म्हणून बर्कने आपल्या बीकन्सफील्डच्या घराच्या बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. (आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.) पुढे बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या खटल्यातही तो हिंदुस्थानातल्या जुन्या रीतींची बाजू घेतो. म्हणजे त्याला फक्त युरोपची परंपरा जपायची होती, की ज्याची त्याची? पाश्चात्त्य संस्कृती संकटात आहे म्हणणारे आजचे लोक तर पहिलंच धरून बसलेले दिसतात.

नीतीचा तत्त्वज्ञ मॅकिंटायर याचं १९८१ चं पुस्तक यात बसवावं का? नीतीचे शब्द उरले, त्यांना आधार देणारी चौकट गेली, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी मांडलेलं नाही. पण गडी मूळचा मार्क्सवादी, आणि परंपरावादी म्हटलेलं त्याला चालत नसे.

वेळ तासाभराचा आहे, श्रोते बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकवाले. बाजाराच्या मुद्द्यावर कोणाचा एखादा छोटा निबंध सुचवाल का? जाडजूड ग्रंथ नको.