मदत हवी आहे: नवं सील बसवूनही गिअर ऑइल गळतंय

2008 ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरबॉक्स. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) मुळाशी ऑइल झिरपतं. इंजिन ऑइल नाही, गंधकाचा उग्र वास आहे. तिथलं सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं, ड्रेन प्लगला नवं वॉशर टाकलं, 75डब्ल्यू-90 जीएल-4 गिअर ऑइल लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. पंधरा दिवसांत पुन्हा ओलं! गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर साफ आहे (तो तुंबला की आत दाब वाढून चांगलं सीलही गळतं).

शाफ्टवर सीलची कड घासते तिथे नखाला लागेल अशी खाच आहे. सील दीडेक मिलिमीटर आत ठोकून कड कोऱ्या जागी आणली तर टिकेल, की शाफ्टच बदलावा? शाफ्टला वरखाली किंचित प्लेही (ढिलाई) वाटतो. डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) बेअरिंग गेलं असेल तर नुसतं सील बदलणं फुकटच. पुण्यात नाना पेठेत खात्रीचं सील कुठे मिळेल?