आधी विचार की आधी कोड? (कालच्या मुक्ताफळांना उत्तर)

खडूस_कोडर:
काल कुणीतरी ठोकून दिलंय, "कागदावर चौकोन-बाण काढत बसू नका. सरळ कोड लिहा, डिझाइन त्यातनंच सापडतं. पहिलं व्हर्जन फेकायचंच असतं, सॉफ्टवेअरवर पुस्तक लिहिणारा ब्रुक्स सांगून गेलाय." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

अठरा वर्षांत फेकलेला प्रोटोटाइप (कच्चा नमुना) मी एकदाही पाहिला नाही. एका पतसंस्थेला 'नुसतं दाखवायला' म्हणून तीन आठवड्यांत ठिगळकाम केलं होतं. खातं, कर्ज सगळं एकाच टेबलात आणि जामीनदाराचं नाव चक्क शेऱ्याच्या रकान्यात. डेमो बघून चेअरमनसाहेब म्हणाले, "झालंच की! सोमवारपासून चालू करा." पुढची सहा वर्षं शेऱ्यातनं जामीनदार उपसत होतो.

आणि ब्रुक्सच्या पुस्तकातलं ते वाक्य १९७५चं. १९९५च्या आवृत्तीत त्यानंच ते चुकीचं ठरवलंय. तेवढं पान वाचायचं राहिलं वाटतं.

वाटाड्या:
'काल कुणीतरी' म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका.

सोमवारपासून नाही, म्हणायला तुमची जीभ उचलली नाही, यात प्रोटोटाइपचा काय दोष? ब्रुक्सनं मागे घेतलं ते अख्खं एकदा बांधून फेकायचं खूळ. थोडं थोडं बांधत वाढवा, म्हणाला. कागदावर बसून राहा, असं नाही. ज्याची धबधब्याची आकृती (एक टप्पा पुरा झाला की मगच पुढचा) तुम्ही नाचवता त्या रॉइसनंही १९७०च्या त्याच लेखात ती पद्धत धोक्याची म्हटलीय. तीस महिन्यांच्या कामात दहा महिने आधी नमुन्याला द्या, म्हणतो.

खडूस_कोडर:
दहा महिने! आम्हाला दहा दिवस मिळाले तर पेढे वाटतो.

टेस्टरताई:
भांडा. प्रोटोटाइपात डेटा कुठला असतो ते सांगा आधी. राम पाटील, सीता जोशी, मु. पो. पुणे. त्यावर काहीही चालतं.

एका दवाखान्याच्या नोंदणीचा नमुना असाच पास झाला. खऱ्या नोंदींवर गाववार यादी काढली तर कऱ्हाड दोनदा. दोन कारकून, दोन कीबोर्ड. एकाचा नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, दुसऱ्याचा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर डिट्टो एकच. तिसरी ओळ 'कराड', ती वेगळीच.

वाटाड्या:
नॉर्मलाइझ करायचं की, ताई, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे. एका ओळीचं काम.

टेस्टरताई:
करून बघा. फार तर नुक्ता सुटा होईल, जोडचिन्ह जागचं हलणार नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो, आणि नोंदी भरायच्या आधी.

कृष्णाकाठ:
माफ करा, पण गावाचं नाव कराडच आहे. स्टेशनवर बघा.

खडूस_कोडर:
स्टेशनवाल्यांना विचारून मराठी लिहायचं का? आमचे आजोबा जन्मभर कर्‍हाडच लिहायचे.

कृष्णाकाठ:
आजोबा तिथे राहायचे का? आम्ही राहतो. पत्ता काय लिहायचा ते आम्हाला शिकवू नका.

खडूस_कोडर:
राहणाऱ्यांनीच नावाची वाट लावली, असं म्हणतो मग.

कृष्णाकाठ:
जीभ आवरा. तुमचे जामीनदार शेऱ्यात का गेले ते कळलं आता.

टेस्टरताई:
अहो, दोन्ही चालतात! म्हणूनच गाव हाताने टाइप करू द्यायचं नव्हतं, यादीतनं निवडायला द्यायचं. पण हे कागदावर सुचलं नसतं हेही खरं. खऱ्या नोंदी ओतल्या तेव्हाच कळलं.

वाटाड्या:
म्हणजे मी म्हणतो तेच.

टेस्टरताई:
तुम्ही म्हणता त्यातलं निम्मं. नोंदी ओतल्या तोवर काउंटर चालू झालं होतं. नमुन्यात शंभर खऱ्या नोंदी टाकल्या असत्या तर माझे दोन महिने वाचले असते.

खडूस_कोडर:
बरं. खऱ्या नोंदींवरचा नमुना असेल आणि डेमोला चेअरमन नसतील, तर काढा बापडे प्रोटोटाइप. वाटाड्याशेठ, पार्टी करा.

वाटाड्या:
पार्टी नंतर. आत्ता या पानावर कऱ्हाड शोधलं. ताईंचा प्रतिसाद सापडला, तुमचा आजोबांचा सापडेना. कीबोर्ड कुठला वापरता?

खडूस_कोडर:
जुनाच. हसा.